स्क्रू भक्कम, हिरडी रामभरोसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन गळत्या निघाल्या. एक बाथरूममध्ये आणि एक बाबांच्या तोंडात.

पहिलीची गोष्ट आधी सांगतो, कारण दुसरी तिच्यामुळेच कळली. आम्ही माजिवड्याला राहतो, नाक्यापासून चालत दहा मिनिटं (सिग्नल मिळाला तर. नाहीतर वीस). खालच्या मजल्यावरचे काका दर पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच्या छताचे फोटो टाकतात आणि खाली एकच शब्द लिहितात: "पुन्हा". शेवटी प्लंबर बोलावला. त्याने तासभर ठोकून बघितलं आणि निकाल दिला, "साहेब, पाइप ओके, स्लॅब पण ओके. पाइप स्लॅबमधून जिथं खाली उतरतो ना, तिथं कडेने पाणी मारतंय." म्हणजे दोन्ही वस्तू एक नंबर, आणि घोळ त्या दोघांच्या मधल्या अर्ध्या इंचात!

आता दुसरी. बाबांची खालची दाढ २०१६ मध्ये काढावी लागली. मी तेव्हा नुकताच कमवायला लागलो होतो, त्यामुळे जोरात होतो. म्हटलं, बाबा, तुम्ही कवळी-बिवळी काही लावायची नाही, आपण इम्प्लांट करू. चाळीस हजार मोजले. एक कार्ड मिळालं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'लाइफटाइम वॉरंटी'. बाबांनी ते लॅमिनेट करून एलआयसीच्या पॉलिसीशेजारी ठेवलं. आता त्या दाढेच्या कडेने रक्त यायला लागलं, वास यायला लागला, आणि एक दिवस हिरडी दाबली तर पू आला. परत त्याच क्लिनिकात गेलो. एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाले, "काका, स्क्रू एकदम फर्स्ट क्लास बसलाय. हिरडीचा जरा प्रॉब्लेम आहे. ब्रशिंग नीट करा." वॉरंटीचं विचारलं तर उत्तर आलं, "वॉरंटी स्क्रूवर आहे, हिरडीवर नाही."

पाइप ओके, स्लॅब ओके.

मी दातांचा डॉक्टर नाही. आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी इथे येऊन अक्कल पाजळतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. :) पण त्यानंतरचे तीन वीकेंड मी या विषयावर जे मिळेल ते वाचत बसलो, आणि आता मला भांडायचंय. कोणा एका डॉक्टरशी नाही. आपण सगळेच ज्या पद्धतीने इम्प्लांट विकतो आणि विकत घेतो, त्या पद्धतीशी. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: इम्प्लांटची खरी परीक्षा हाडात नसते, हिरडीत असते, आणि हा सगळा धंदा आपल्याला हाडाचे मार्क दाखवून पास करतो.

आधी थोडी शरीररचना. (कंटाळू नका, एवढी एकच पायरी अवघड आहे.)

आपल्या शरीरात आतून बाहेर येणाऱ्या कडक वस्तू फार थोड्या. दात ही त्यातली सगळ्यात मोठी. कातडी किंवा हिरडी फाडून बाहेर आलेली वस्तू म्हणजे जंतूंसाठी उघडं दार. दाताच्या बाबतीत निसर्गाने हे दार फार हुशारीने बंद केलंय. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. हिरडीतले आणि आजूबाजूचे तंतू त्या थरात आडवे घुसून पक्के रुतलेले असतात. मंडपाच्या खांबाला चारही बाजूंनी ताण बांधून खुंट्या ठोकतात ना, तसं. शिवाय मुळाच्या भोवतीच्या पडद्यातून हिरडीला रक्ताचा जादा पुरवठा असतो.

इम्प्लांटला सिमेंटम नाही. तो पडदाही नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या तोर्द बेर्गलुंड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जबड्यात हे नीट तपासलं. इम्प्लांटच्या बाजूचे तंतू धातूत रुतत नाहीत. त्याला समांतर नुसते शेजारून जातात किंवा भोवती गोल फिरतात. म्हणजे ताण बांधलेला खांब नाही, हातातली बांगडी. घट्ट बसली तर बसली, पण चिकटलेली नाही. सगळ्यात वरचा पेशींचा थर तेवढा धातूला सूक्ष्म बटणांसारखा धरून असतो. खालचा भाग जखमेच्या व्रणासारखा: तंतू भरपूर, पेशी कमी, रक्तही कमी. एवढ्या भांडवलावर त्या हिरडीने तोंडातल्या कोट्यवधी जंतूंना वीस-तीस वर्षं हाडापर्यंत जाऊ द्यायचं नाही, अशी आपली अपेक्षा.

आणि या कमजोर जागेवर उद्योगाने किती डोकं घातलं? उशिरा, आणि हाडाच्या मानाने फार थोडं.

इतिहास मजेशीर आहे. १९५० च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षं ते स्क्रू चालले. हे स्क्रू कसे होते? लेथवरून निघालेले, तसेच. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या चांगल्या टर्नरला बघून कौतुक वाटलं असतं, इतके साधे. (एका माणसावरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मान्य. पण ब्रोशरमध्ये लार्सनचं नाव येतं आणि त्याच्या गुळगुळीत स्क्रूचं येत नाही, हे नोंदवून ठेवतो.)

त्या काळी स्क्रू बसवल्यावर खालच्या जबड्यात तीनेक महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे. मग कंपन्यांनी पृष्ठभागावर काम सुरू केलं. वाळूचा मारा, आम्लात बुडवणं, विजेने ऑक्साइडचा थर चढवणं. एक ते दोन मायक्रॉनच्या खडबडीतपणावर हाड जास्त चांगलं धरतं हे दिसलं, आणि थांबायचा काळ सहा-आठ आठवड्यांवर आला. मोठंच यश आहे, नाकारत नाही.

पण ज्या खडबडीतपणावर हाड खूश, त्याच्यावर जंतूही खूशच. बेल्जियममधल्या लुवेनच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर आकडा दिला: ०.२ मायक्रॉन. त्याच्यापेक्षा कितीही गुळगुळीत केलं तरी जंतू आणखी कमी होत नाहीत. त्याच्यावर गेलात की वाढतात. म्हणजे स्क्रूचा जो भाग हाडात, तो खडबडीत हवा आणि जो हिरडीत, तो गुळगुळीत हवा. हिरडीची बांगडी सुटली आणि हाड खाली सरकलं की हाडासाठी केलेला तो खडबडीत भाग उघडा पडतो. आटे पडलेला, वर आणि खरखरीत. तिथे एकदा जंतूंचा थर बसला की तो साफ करणं महाकठीण. काही महिने वाचवण्यासाठी आपण जे केलं, तेच जोड फाटल्यावर आपल्या मुळावर येतं. म्हणून जोड आधी.

अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जन अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या सगळ्याला चांगलं नाव दिलं होतं: पृष्ठभागासाठीची शर्यत. नवा धातू शरीरात गेला की आपल्या पेशी आणि जंतू दोघंही त्याच्याकडे धावतात. जो आधी बसला त्याची जागा. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये रुमाल टाकून सीट पकडणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

मग पृष्ठभाग असा करता येईल का, की रुमाल आपल्याच पेशींचा पडेल? हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यावर काम झालंय. हिरडीतल्या तंतू विणणाऱ्या पेशी काही दहा मायक्रॉनच्या, जंतू साधारण एक मायक्रॉनचा. या फरकाचा फायदा घ्यायचा. लेझरने मानेवर ८ ते १२ मायक्रॉनच्या बारीक खाचा पाडल्या तर पेशी त्या खाचांना धरून रांगेत लागतात. 'लेझर-लॉक' नावाचा पृष्ठभाग तो हाच. २००८ मध्ये मायरन नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांनी माणसांतले मोजके नमुने तपासून दाखवलं की तिथे तंतू समांतर न जाता धातूकडे आडवे वळलेत. दुसऱ्या वाटाही आहेत: झिर्कोनिया, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा, बसवण्याआधी प्लाझ्माने किंवा अतिनील किरणांनी धातू स्वच्छ करणं, पेशींना आवडणारी प्रथिनं चिकटवणं. नोबेल बायोकेअरने २०१९ मध्ये खास हिरडीत येणाऱ्या जोडतुकड्यासाठी 'झील' नावाचा पृष्ठभाग काढला. म्हणजे हाड वेगळं आणि हिरडी वेगळी, हे कंपन्यांना पक्कं कळलेलं आहे. कळलेलं नाही ते गिऱ्हाइकाला.

आता इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं. या सगळ्यातलं बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या बशीत आणि कुत्र्यांच्या जबड्यात झालेलं आहे. बशीत लाळ नसते. तोंडात गेल्यावर कुठल्याही पृष्ठभागावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा थर चढतो, आणि मग पेशीला तुमचं नॅनो-डिझाइन दिसायच्या आधी तो थर दिसतो. माणसांत तंतू खरोखर रुतले का हे बघायचं तर चांगला बसलेला इम्प्लांट हिरडीसकट कापून काढावा लागतो. कोण देणार? म्हणून माणसांतले नमुने मोजकेच राहतात. हा शास्त्रज्ञांचा दोष नाही. विषयच अवघड आहे. दोष त्यांचा, जे 'बशीत पेशी २४ तासांत छान पसरल्या' याचं भाषांतर 'आयुष्यभराची हिरडी' असं करतात. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय.' प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते दहा वर्षांनी कळतं, आणि तोपर्यंत विकणारा पुढच्या मॉडेलवर गेलेला असतो.

हे सगळं मी माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीला ऐकवलं. ती दातांची डॉक्टर आहे, गुणी आहे, आणि तिला माझा राग आला. तिचे तीन मुद्दे होते, तिन्ही प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला: "अरे, दहा वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त इम्प्लांट टिकतात." खरं आहे. पण 'टिकणं' म्हणजे काय? तोंडात असणं. बाबांचा इम्प्लांटही टिकलेलाच आहे. पू येतोय, हाड गेलंय, पण आकडेवारीत तो पास! स्वीडनमध्ये २०१६ मध्ये यान डेर्क्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे सहाशे पेशंटांना इम्प्लांटनंतर नऊ वर्षांनी बोलावून तपासलं. ४५ टक्के लोकांच्या निदान एका इम्प्लांटभोवती सूज आणि हाडाची झीज सापडली; १४.५ टक्क्यांमध्ये झीज दोन मिलिमीटरच्या वर होती. हे त्यांना करता आलं कारण तिथल्या सरकारी विम्याकडे कोणाला इम्प्लांट बसला याची नोंद होती. आपल्याकडे बहुतेक लोक खिशातून पैसे भरतात आणि नोंद म्हणून घरी लॅमिनेट केलेलं कार्ड असतं.

दुसरा: "पेशंट ब्रश करत नाहीत, तंबाखू खातात, शुगर सांभाळत नाहीत." हेही खरं आहे. सिगारेट आणि हाताबाहेर गेलेली शुगर हिरडीचं वाटोळं करतात. पण 'युजरची चूक' हे उत्तर आपण टेस्टिंगच्या मीटिंगमध्ये दिलं तर मॅनेजर काय म्हणतो? युजर असाच असणार हे माहीत होतं ना, मग डिझाइन त्याच्यासाठी का नाही केलं? बाबा रोज दोनदा ब्रश करतात. त्यांच्या इम्प्लांटवरची कॅप खाली अशी फुगीर होती की तिच्या कडेला ब्रशच काय, दोराही जात नव्हता. नीट ब्रश करा म्हणे! कुठून?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात पटला. ती म्हणाली, "पृष्ठभागाच्या मागे लागू नकोस. चांगला पृष्ठभागसुद्धा वाईट कामाला वाचवत नाही." बरोब्बर. आणि म्हणूनच मला 'कुठल्या कंपनीचा' या एकाच प्रश्नावर संपणारी खरेदी चुकीची वाटते. १९९७ मध्ये गॉथेनबर्गच्याच गटाने कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला: स्क्रू आणि कॅप यांच्या मधला जोडतुकडा, म्हणजे अबटमेंट, पाच वेळा काढून परत बसवला. प्रत्येक वेळी हिरडीची पकड तुटली आणि शेवटी ती हाडाच्या दिशेने खाली सरकली. आपल्याकडे माप घ्यायला, ट्रायलला, कॅप बसत नाही म्हणून परत, असं ते किती वेळा काढतात हे कोणी मोजतं का? २००९ मध्ये थॉमस विल्सन यांनी सूज असलेल्या ४२ इम्प्लांटभोवती बारीक कॅमेऱ्याने बघितलं, तर ८१ टक्क्यांत कॅप चिकटवायचं सिमेंट हिरडीखाली उरलेलं सापडलं. ते काढल्यावर बहुतेकांची लक्षणं गेली.

बाबांचंही तेच निघालं. मैत्रिणीने ओळखीच्या हिरडीतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सळईने मोजलं: सात मिलिमीटर खोल. आत तांदळाच्या कणीएवढा सिमेंटचा तुकडा. म्हणजे आधी जे 'हिरडीचा जरा प्रॉब्लेम' होतं, त्याने इतकी वर्षं हाड कुरतडलं होतं. तज्ज्ञांनी विचारलं, कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे आणि मोजमाप आहे का? नव्हतं. २०१७ च्या जागतिक परिषदेपासून तरी हे स्पष्ट लिहिलेलं आहे की कॅप बसवल्यावर एक्स-रे आणि हिरडीची खोली दोन्ही नोंदवून ठेवा. बेसलाइनच नसेल तर फरक काढायचा कशाशी?

सरकारचंही बघा. २०१७ मध्ये फेब्रुवारीत स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा देशभर चर्चा झाली. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. दिल्लीत आयआयटी आणि मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेने सीएसआयआरच्या योजनेतून देशी इम्प्लांटही बनवला. छान. पण किंमत आणि परवाना यांच्या पलीकडचा प्रश्न, दहा वर्षांनी हिरडी कशी आहे, तो ना ग्राहक विचारतो, ना कोणी मोजतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि ती आधी आपल्यालाच आहे. आपण फोन घेताना वीस रिव्ह्यू वाचतो आणि आईवडिलांच्या तोंडात धातू बसवताना फक्त ईएमआय विचारतो. पुढच्या वेळी हे पाच प्रश्न विचारा:

१. स्क्रूचा जो भाग हिरडीत येणार, त्याचा पृष्ठभाग कसा आहे? हाडाच्या भागाइतकाच खडबडीत असेल तर का?

२. 'हिरडी चिकटते' असा दावा असेल तर तो माणसांवर किती वर्षं तपासलाय?

३. अबटमेंट किती वेळा काढणार? एकदाच बसवून ठेवता येईल का?

४. कॅप स्क्रूने बसवणार की सिमेंटने? सिमेंट असेल तर उरलेलं काढलं हे कसं तपासणार? आणि कॅपखाली ब्रश जाईल ना?

५. पहिल्या दिवशीचा एक्स-रे आणि खोलीचं मोजमाप माझ्या हातात देणार का, आणि दर सहा महिन्यांनी परत मोजणार का?

जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडणार नाही, तो तुमचा. माझी मैत्रीण आधी चिडली, मग म्हणाली, हे लिहून दे, मी माझ्या वेटिंग रूममध्ये लावते.

असो. बाबांची हिरडी साफ झाली, रक्त थांबलं, पू गेला. गेलेलं हाड काही परत आलं नाही. आता दर तीन महिन्यांनी फेरी आहे. सोनेरी अक्षरांचं कार्ड त्यांनी पॉलिसीजवळून काढलं आणि त्या जागी तो नवा, मोजमाप लिहिलेला कागद ठेवला.

बाथरूमची फरशी मात्र मी फोडून घेतली. प्लंबर पाइप बदलायला निघाला होता. म्हटलं, पाइपला हात लावू नका, कड भरा.